छाती पंचेचाळीस, खांदे लहान: १९४२ च्या फ्रॉकच्या शिवणनोंदी

१२ जानेवारी

गेल्या वर्षी तयार फ्रॉक मागवला होता. चाळीसच्या दशकाच्या धर्तीचा, मोठ्या मापाचा. अंगात गेला, पण बसला नाही. खांदे दंडावर उतरले, गळा पुढून उघडा पडला, मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, काखेच्या खाली चार बोटं आला आणि एवढं सगळं सैल असूनही छातीवरची बटणं ताणलेलीच. ज्यानं तो बेतला त्यानं बारीक बाईचा कागदी खाका घेऊन सगळीकडून सारखा वाढवला होता. पण माझी हाडं काही रुंदावलेली नाहीत. गळा, खांदे, मनगटं विशीत होती तेवढीच आहेत. भर पडलीय ती छातीला, पोटाला, सीटला आणि दंडाला. वरून कार्डिगन घालून, जूनच्या उन्हात, दोन दिवस चहा वाटला.

यंदा स्वतः शिवणार. कार्यक्रम ७ आणि ८ जूनला. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या जतन केलेल्या रेल्वेमार्गावर दोन दिवस दुसऱ्या महायुद्धाचा काळ उभा करतात, आणि मी स्टेशनच्या उपाहारगृहात काम करते. १९४२-४३ चा सुमार धरायचा असं आमचं ठरलंय.

आयोजकांपैकी एक बाई म्हणाल्या, तू साडी नेसलीस तरी शोभेल. आपुलकीनं म्हणाल्या, आणि ते इतिहासाला सोडूनही नाही. इम्पीरियल वॉर म्युझियमकडे कल्याणी सेन यांचा फोटो आहे. हिंदी नौदलाच्या महिला दलातल्या अधिकारी, जून १९४५, स्कॉटलंडमधलं रोसाइथ, आणि अंगावर गणवेशाची साडी. फार देखणा फोटो आहे. पण त्या तिथं अधिकारी म्हणून आल्या होत्या. मला उभी करायचीय ती इथल्या गल्लीतली, कपड्यांच्या रेशनची कूपनं मोजणारी, भरल्या अंगाची बाई. तिचे फोटो कमी निघाले, आणि आजच्या अशा कार्यक्रमांत ती फारशी दिसतही नाही.

१९ जानेवारी

मापं घेतली. लेकीनं टेप धरली. आत जे घालणार तेच घालून मापं घ्यायची, नाहीतर पुढचं सगळं वाया. त्या काळी आत पोट-कंबर आवळणारा कॉर्सेट असायचा, पण माझ्या पोटावर शस्त्रक्रियेची जुनी खूण आहे, तिथं दाब सहन होत नाही. तेव्हा कॉर्सेट नाही. तसंही १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपानकडे गेल्यावर रबराचा तुटवडा झाला, कॉर्सेटला धड इलॅस्टिक मिळेना आणि बायका त्याबद्दल जाहीर तक्रारी करत होत्या.

उंची ५ फूट १. काखेतून, छातीच्या वरून ४०. भर छाती ४५. कंबर ४१. सीट ५०. दंड साडेसोळा. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

खाका जुनाच मिळालाय: छाती ४०, कंबर ३४, सीट ४३. पुढे खांद्याखाली जू, म्हणजे वेगळी आडवी पट्टी, जुवाखाली चुण्या, गळ्यापासून कंबरेपर्यंत बटणं, खाली सहा कळ्यांचा स्कर्ट. तेव्हाचे खाके एका पाकिटात एकाच मापाचे यायचे. यावर छापील रेघ एकही नाही, नुसती भोकं पाडलेली. मोठी भोकं उभ्या धाग्याची, बारीक टकांची, म्हणजे घेर आत घ्यायच्या चिमट्यांची. कागद हातात घेतला की चुरचुरतो. त्याला कात्री लावायची नाही. सगळे भाग ब्राऊन पेपरवर उतरवून घेतले, प्रत्येक भोकातून पेन्सिलीचं टोक टेकवत. अख्खी दुपार गेली.

छाती ४५ असून ४० चा खाका का घेतला, असं लेकीनं विचारलं. कारण छातीच्या वरचं माप ४० आहे, आणि गळा-खांदे-पाठ त्या मापाची आहेत. ४६ चा घेतला असता तर गेल्या वर्षीचाच फ्रॉक पुन्हा शिवला असता.

२ फेब्रुवारी

बेतण्याआधी नियम नीट वाचून घेतले. या कपड्यांचं रूप कात्रीइतकंच नियमांनी घडवलंय.

कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ ला लागू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, पुढे कमी कमी होत गेली, आणि रेशनिंग संपलं थेट मार्च १९४९ ला. त्यातच युटिलिटी योजना आली, सरकारनं ठरवून दिलेल्या दर्जाच्या साध्या कपड्यांची. 'सीसी ४१' ची ती खूण, कापलेल्या चीजच्या दोन चकत्यांसारखी दिसणारी, रेजिनाल्ड शिप यांनी काढलेली. १९४२ मध्ये नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज, डिग्बी मॉर्टन अशा मोठमोठ्या कपडेकारांकडून सरकारनं युटिलिटीचे नमुने करून घेतले. ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

त्याच वर्षी कापड वाचवायचे हुकूम निघाले. फ्रॉकला जास्तीत जास्त दोन खिसे, पाच बटणं, स्कर्टला सहा शिवणी, आणि एकूण शिलाई १६० इंच. हे बंधन कपडे बनवून विकणाऱ्यांवर होतं. घरी शिवणारीला कूपनांचंच बंधन पुरेसं होतं. तरी मी पाळणार आहे, कारण त्यातूनच तो घाट येतो.

कूपनांचा हिशेब वहीत मांडून बघितला. तयार सुती किंवा रेयॉनचा फ्रॉक ७ कूपनं, लोकरी ११. तयार कपड्याला कूपनं नगावर, मग बाई केवढीही असो. पण कापड घेऊन शिवायचं तर ३६ इंच पन्ह्याच्या सुती कापडाला वाराला २ कूपनं. बारीक बाईचा फ्रॉक साडेतीन वारात बसला तर ७, म्हणजे बरोबरी. मला त्या पन्ह्यात साडेचार वार लागले असते, म्हणजे ९. आणि तयार कपडा अंगाला बसत नसेल तर शिवण्यावाचून गत्यंतर नाही. जाड बाईनं तेव्हा दोन कूपनं जास्त मोजली, आणि ती तिच्या मोज्यांतून किंवा आतल्या कपड्यांतून गेली. हे कुठं ठळकपणे लिहिलेलं मला आढळलं नाही. हिशेब मांडला तेव्हा समोर आलं.

९ फेब्रुवारी

जुन्या कपड्यांच्या बाजारात एक खरा युटिलिटी फ्रॉक हाताळायला मिळाला. विटकरी रंगाचं रेयॉन, गळ्यात सीसी ४१ ची पट्टी आणि त्यावर 'डब्ल्यूएक्स'. तेव्हा मोठ्या मापांना तसं लिहीत, त्याहून मोठं ते 'ओएस'. विकणाऱ्या बाईंनी उलटा करून बघू दिला.

डाव्या बगलेत उघडायची पट्टी, त्याला टिचबटणं आणि कंबरेवर एक हूक. चेन नाही, धातू युद्धाला गेलेला. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, जेमतेम. आणि दोन्ही काखांत चौकोनी तुकडे घातलेले, शंकरपाळ्यासारखे, दुसऱ्याच कापडाचे. गडद चॉकलेटी, जाड वीण. टाके हाताचे, बारीक, पण एका बाजूचे थोडे घाईचे. त्या बाईला फ्रॉक काखेत आणि छातीत कमी पडला आणि सोडायला माया नव्हती, म्हणून तिनं दुसऱ्या कशातून तरी तुकडे कापून घातले. हात खाली असताना दिसणार नाहीत एवढेच. मी अंगठ्यानं ते टाके बराच वेळ चाचपत राहिले. सरकारनं १९४३ मध्ये जुन्यातून नवं करण्याची पुस्तिका काढली, पण हा हात पुस्तिकेतून शिकलेला वाटला नाही.

विकत घेतला नाही. माझ्या अंगाला नुसता लावला असता तरी उसवला असता.

१६ फेब्रुवारी

वरचा भाग आज. बसण्याआधी आत्याला इचलकरंजीला फोन लावला. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत तिनं. खाका कॅमेऱ्यापुढं धरला. ती म्हणाली, "मुंढ्याला हात लावू नगंस. मुंढा बिघडला की बाही रडती. आधी छातीतनं उघड." मग जुवाखालच्या चुण्या बघून म्हणाली, "हे तर लई सोपं हाय. चुणी दिलीया की त्यांनी."

तिनं म्हटलं ते अगदी खरं. या घाटात छातीचा भर टकांनी नाही, जुवाखालच्या चुण्यांनी घेतलाय. म्हणून पुढच्या पल्ल्यावर जुवाच्या कडेपासून छातीच्या टोकावरून कंबरेपर्यंत उभी रेघ मारली, कापलं, आणि दोन इंच फाकवलं. दोन्ही पल्ले मिळून चार. वर ते दोन इंच चुण्यांत गेले, खाली कंबरेच्या चुण्यांत. गळा, खांदा, जू जसंच्या तसं. उरलेला एक इंच चार बगलकडांना पाव-पाव. मुंढ्याच्या तळाशी पाव इंच सोडलं तर मुंढा शाबूत. ४० अधिक ४ अधिक १, झाले ४५.

रुंदी झाली, आता लांबी. भर छातीवरून कापड वर चढतं आणि पुढची कंबर उचलली जाते, म्हणून छातीच्या रेषेवर आडवं कापून दीड इंच वाढवलं. ते बगलेकडे जास्तीचं होतं, तिथं छोटा टक धरला.

कंबर: ३४ ची आता ३९ झाली. पाठीला कंबरेत एकेक इंचाचे दोन टक होते, ते काढून टाकले. माझी पाठ तिथं भरीव आहे, टकाचं कामच नाही. ४१.

फोन ठेवताना आत्यानं कापड कसलं घेणार विचारलं. युद्धातलं आहे म्हटल्यावर तिला आजी आठवली. १९४३ मध्ये हिंदुस्थानातही कापडावर सरकारी नियंत्रण आलं, आणि आजी शेवटपर्यंत कुठल्याही जाड्याभरड्या कापडाला 'कंट्रोलचं' म्हणायची.

२३ फेब्रुवारी

स्कर्ट. सहा कळ्या, सहा शिवणी, म्हणजे वाढवायला बारा कडा. सात इंच हवेत. सारखे वाटले तर कडेला अर्ध्याहून थोडं जास्त, पण माझा भर पुढे आहे. म्हणून पुढच्या दोन शिवणींच्या चार कडांना पाऊण इंच, बाजूच्या चार आणि मागच्या चार कडांना अर्धा. तीन, दोन, दोन. सात.

सहा शिवणींची मर्यादा कापड वाचवण्यासाठी होती, पण जाड अंगाला याच्याइतका सोयीचा स्कर्ट नाही. बारा ठिकाणी थोडं थोडं वाढतं, कुठंच पसरट दिसत नाही. दोनच शिवणींचा स्कर्ट असता तर सगळा भार बगलांवर आला असता.

पुढच्या मधल्या कळीला वरून सव्वा इंच उंची दिली, बाजूंना शून्यावर आणत. पोटावरून जाणाऱ्या कापडाला जास्त वाट चालायची असते.

२ मार्च

मांजरपाटावर पहिला कच्चा नमुना. धावदोऱ्यानं जोडला.

छाती छान, बटणपट्टी सरळ पडतेय. पहिल्यांदाच असं झालंय. गळा चिकटून. स्कर्ट ठीक.

बाही नाही. हात पुढे केला की दंडावर आडव्या वळ्या. तो भाग मी विसरले होते म्हणण्यापेक्षा टाळला होता.

९ मार्च

बाही. दंडावर खाका साडेपंधरा, मला अठरा हवेत. बाही उभी कापून अडीच इंच फाकवली. फाकवताना बाहीचा खांद्याकडचा माथा बसतो, म्हणून उंची मोजून पुन्हा गोल काढला. आता माथ्याचा घेर मुंढ्यापेक्षा बराच जास्त झाला. मुळात माथ्यावर तीन छोटे टक होते, ते पाच केले. जास्तीचं सगळं त्यात गेलं आणि माथा वर उठून अगदी त्या काळचा दिसायला लागला. मुंढा मोठा करायची गरज पडली नाही.

१६ मार्च

दुसरा मांजरपाट, आणि खांद्याच्या पॅड.

आमच्यासारख्या बायका पॅडला घाबरतात, आधीच एवढं अंग, त्यात आणखी कशाला. मीही घाबरत होते. आरशापुढे आधी पॅडशिवाय उभी राहिले, मग घालून. पॅडशिवाय खांदे उतरते आणि खाली पन्नास इंच सीट, त्यामुळे नजर थेट खाली जाते. घातल्यावर वरची रेघ आडवी झाली, कापड खांद्यापासून मोकळं लोंबलं, छातीखाली जागा दिसायला लागली. खांदा रुंद केलेला नाही, फक्त उचललाय. दुसरं म्हणजे उजवा खांदा. आजवर प्रत्येक ब्लाउज, प्रत्येक कुर्ता उजवीकडे घसरत आलाय. या वेळी डावी पॅड कापसाच्या दोन थरांची आणि उजवी चार थरांची केली. दोन्ही खांदे एका रेषेत. लेक मागून म्हणाली, "आई, तू सरळ उभी आहेस."

३० मार्च

कापड घेतलं. रेयॉनचं क्रेप, राखी-निळं, त्यावर तांदळाएवढी पांढरी फुलं. पन्हा ४४, लांबी चार वार. रेयॉन हे तेव्हाचं खरं रोजचं कापड. इथून जवळच कोव्हेंट्रीत कोर्टोल्ड्सचा कारखाना ते काढायचा. मोठी फुलं मुद्दाम टाळली. सहा कळ्यांवर ती तुटली असती.

कोमट पाण्यात बुडवून, न पिळता वाळवलं. लांबीत पाच इंच आटलं. आधी धुतलं नसतं तर शिवल्यावर आटलं असतं.

१३ एप्रिल

बेतायला बसले आणि कापड पुरेना. कळ्या उलट्यासुलट्या लावून बघितल्या, उभा धागा सांभाळून जेवढं सरकवता येईल तेवढं सरकवलं. जू, कॉलर आणि बाह्या बसत नाहीत. दुकानात तोच ताका संपलेला.

अर्धा तास वाईट वाटलं. मग तो विटकरी फ्रॉक आठवला. कपाटात माझा गडद निळा क्रेपचा कुर्ता आहे, काखेत विरलेला. घेर चांगला शाबूत. त्यातून जू, कॉलर, बाह्या आणि कंबरपट्टा निघाला. दोन कापडांचा फ्रॉक तेव्हा घरोघर होत होता, दोन जुने मिळून एक नवा. आणि गडद जू वर, फुलांचं खाली, हे मला एकाच कापडाच्या फ्रॉकपेक्षा जास्त आवडलंय. खांद्यांची जी रेघ एवढ्या खटपटीनं मिळवली, ती आता उठून दिसते.

बगलेच्या सगळ्या शिवणींना एक इंच माया ठेवली. त्या काळच्या नियमात बसणार नाही एवढी. पण माझं वजन वर्षभरात पाच-सहा किलो खालीवर होतं, आणि हा फ्रॉक मला दहा वर्षं घालायचाय.

२७ एप्रिल

वरचा भाग जोडला. क्रेप मशिनीवर सरकतं, म्हणून प्रत्येक शिवण आधी धावदोऱ्यानं. काही लिहिण्यासारखं नाही.

४ मे

बटणं. पाचच लावायची आहेत, आणि भरल्या छातीला पाच बटणांची पट्टी मधेच तोंड उघडते. नेहमी आपण गळ्यापासून सुरू करून सारखं अंतर घेत खाली येतो. तसं केलं तर छातीची रेषा दोन बटणांच्या बरोबर मधे सापडते. म्हणून आधी अंगावर घालून छातीच्या टोकाच्या रेषेवर टाचणी लावली. पहिलं बटण तिथलं. मग त्यापासून वर दोन, खाली दोन. छातीच्या बटणाच्या वर आणि खाली, पट्टीच्या आत, एकेक टिचबटण. खाली वाकून, हात वर करून, खुर्चीत बसून बघितलं. पट्टी मिटलेली राहिली.

काजं हातानं केली. पाच काजांना सव्वातीन तास.

१८ मे

फ्रॉक आठवडाभर हँगरला लटकवून ठेवला होता. कळ्यांच्या कडा तिरप्या, क्रेप त्या बाजूनं ओघळतं. बाजूच्या शिवणीजवळ जवळजवळ पाऊण इंच खाली आलं होतं. लगेच काठ दुमडला असता तर पहिल्याच दिवशी वाकडा झाला असता.

काठ कंबरेपासून मोजायचा नाही, जमिनीपासून. तेव्हाचा स्कर्ट जमिनीपासून साधारण अठरा इंचांवर असायचा. माझी उंची कमी म्हणून पंधरा धरले, गुडघा झाकून थोडा खाली. मी तेच बूट घालून स्टुलावर उभी, आणि लेक लाकडी पट्टी उभी धरून माझ्याभोवती गुडघ्यांवर फिरत खडूच्या खुणा करतेय. तिसऱ्या खुणेला म्हणाली, "हलू नकोस." चौथ्याला, "श्वास घे, पण हलू नकोस." खुणा जोडल्या तेव्हा कळलं, पुढची कळी मागच्यापेक्षा एक इंच लांब कापली गेलीय. अंगावर मात्र काठ पाण्याच्या रेषेसारखा सरळ.

८ जून

दोन दिवस घातला. काल कडक ऊन, आज पाऊस. कार्डिगन घरीच होतं.

वाकून किटल्या उचलल्या, वरच्या फळीवरून कपबशा काढल्या. बटणपट्टी मिटलेली. खांदे जागेवर. उजवी पॅड दुपारी एकदा किंचित सरकली, तिला आणखी दोन टाके हवेत. डाव्या बगलेतलं कंबरेवरचं हूक सैल झालंय, आकडा बदलायचा. काखेत घामाचे डाग पडलेत. त्या काळी तिथं काढून धुता येतील असे अस्तराचे अर्धगोल लावत. ते पांढऱ्या सुती कापडाचे करून टाचून द्यायचे.

संध्याकाळी आवराआवर चालू असताना तिकीटघरातल्या एक बाई आल्या. दोन्ही दिवस त्या पुरुषांचा रेल्वेचा ओव्हरकोट घालून बसल्या होत्या, कालच्या उन्हातसुद्धा. माझ्या बाहीच्या माथ्यावरचे टक बोटानं मोजले आणि विचारलं, हा खाका माझ्या मापाचा निघेल का. मी तिथंच पेपर नॅपकिनवर मापं उतरवून घेतली. भर छाती ५२, वरची छाती ४४. खांदे दोन्ही सारखे, पण मानेखाली पाठ गोल, कुबड आल्यासारखी, आणि मागचा गळा नेहमी उचकटलेला राहतो म्हणाल्या.

खाका ४४ चा शोधायचा. त्यांची सुरुवात छातीपासून नाही करायची, पाठीपासून करायची: मागच्या पल्ल्याला मानेखाली आडवं कापून उंची, आणि गळ्याशी दोन छोटे टक. येत्या रविवारी मांजरपाट घेऊन त्यांच्याकडे.